दोन पानांचा पुरावा

परवा फोनवर भाचा तावातावाने बोलत होता. 'मावशी, तुमच्याकडे बरं आहे. दहशतवादी सापडला की उचलायचा आणि टाकायचा ग्वांटानामोत. आपण मात्र कसाबलासुद्धा वकील दिला!' यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली वर्षानुवर्षं खटल्याविना आत असलेल्यांच्या जामिनावर तिकडे भारतात वाद पेटला की अमेरिकेचा हा दाखला हमखास निघतो. बरीच वर्षं इथे अमेरिकेत राहून मला तो दाखला लंगडा वाटतो. मी त्याला यासर हमदीबद्दल सांगितलं.

हमदीचा जन्म लुइझियानातला, म्हणून तो जन्मानेच अमेरिकन नागरिक. वाढला मात्र सौदी अरेबियात. 2001 च्या अखेरीस तो अफगाणिस्तानात पकडला गेला आणि ग्वांटानामोला, म्हणजे क्युबातल्या अमेरिकी लष्करी तुरुंगात पोचला. हा तर आपलाच नागरिक, हे तिथे लक्षात आल्यावर एप्रिल 2002 मध्ये त्याला व्हर्जिनियात नॉरफोकच्या नौदल तुरुंगात हलवलं. आरोपपत्र नाही, वकिलाची भेट नाही. सरकारने त्याला 'शत्रूचा लढवय्या' ठरवलं होतं. युद्धकैदी मानायचं नाही, म्हणून जिनिव्हा कराराचं संरक्षण नाही. गुन्हेगार म्हणायचं नाही, म्हणून खटलाही नाही.

तो मदतकार्यासाठी गेला होता, असं वडिलांचं म्हणणं. तो तालिबानच्या तुकडीत होता, असं सरकारचं. कोर्टाने आधार विचारला तेव्हा संरक्षण खात्यातल्या एका अधिकाऱ्याचं दोन पानी निवेदन पुढे आलं. त्या अधिकाऱ्याने हमदीला पकडताना पाहिलं नव्हतं, कागद वाचून लिहिलं होतं. एका माणसाचं उरलेलं आयुष्य आणि दोन पानं! आजही ते आठवलं की माझ्या पोटात कालवतं.

सरकार 1942 च्या निकालाकडे बोट दाखवत होतं. तेव्हा जर्मन पाणबुड्यांतून आठ घातपाती अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले होते. त्यातला हर्बर्ट हॉप्ट आपण अमेरिकन नागरिक असल्याचं सांगत होता. नागरिक असलास तरी शत्रूच्या बाजूने लढण्याचे परिणाम टळत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पण हॉप्टवर निदान लष्करी आयोगापुढे खटला चालला, वकील मिळाला. हमदीला तेवढंही नव्हतं. आणि 1942 सुद्धा फार अभिमानाने सांगण्यासारखं नाही: सहा जणांना 8 ऑगस्टला मृत्युदंड दिला गेला आणि न्यायालयाची सविस्तर कारणमीमांसा आली ऑक्टोबरच्या अखेरीस.

28 जून 2004 ला सर्वोच्च न्यायालयात हमदीचा निकाल लागला. युद्ध म्हणजे नागरिकांच्या हक्कांबाबत राष्ट्राध्यक्षांना दिलेला कोरा चेक नव्हे, असं न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिलं. ज्याला डांबलं त्याला कारण कळलं पाहिजे आणि तटस्थ व्यक्तीपुढे ते खोडायची संधी मिळाली पाहिजे. पण युद्ध चालू असेतो नागरिकाला डांबता येईल, हेही त्याच निकालात आहे. मला पटतं ते न्यायमूर्ती स्कॅलिया यांचं विरोधी मत. एरवी त्यांचं माझं क्वचितच जुळतं, पण इथे ते ठाम होते: नागरिकावर देशद्रोहाचा किंवा दुसऱ्या गुन्ह्याचा खटला भरा, नाहीतर सोडा, हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेला कोर्टात आव्हान देण्याचा हक्क, स्थगित करायचा असेल तर ते काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, उघडपणे करावं.

आपल्याकडे भारतात खटल्याविना डांबायला युद्धाचीही गरज नाही. प्रतिबंधात्मक अटक घटनेच्या कलम 22 मध्येच बसवलेली आहे. आणीबाणीत, 1976 मध्ये, अटकेविरुद्ध कोर्टात जाता येणार नाही असं चार न्यायमूर्तींनी म्हटलं, त्यात आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. तो निकाल चुकीचा होता हे 2017 मध्ये लिहिलं यशवंतरावांच्याच मुलाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. मधे 41 वर्षं गेली. म्हणून वाटतं, कसाबला वकील दिला याची आपण लाज नव्हे, अभिमान बाळगावा.

इथलं नागरिकत्व घेताना मी उजवा हात वर करून शपथ घेतली, ग्रीन कार्ड परत दिलं, कुणीतरी हातात छोटा झेंडा ठेवला. ऑक्टोबर 2004 मध्ये हमदीला सौदीला सोडलं, ते नागरिकत्व सोडण्याच्या अटीवर. आरोप शेवटपर्यंत ठेवलाच नाही.

भाचा थोडा थांबला. 'मग तो खरंच तालिबानी होता का गं?'

मला सांगता आलं नाही. खटलाच झाला नाही, तर कुणाला सांगता येणार?