गच्चीवरचं जहाज

सोलापुरात समुद्र नाही हे मला माहीत आहे, पण आम्ही क्रूझला जाणार म्हणल्यावर बिल्डिंगमधल्या तीन बायकांनी ते मला परत परत सांगितलं. आमच्याकडं पाणी म्हणजे नळाला येतं ते, आणि ते आज येणार का उद्या यावर आख्खी बिल्डिंग जगते. अशा गावातनं आम्ही दीड वर्षाची पोरगी आणि सहा वर्षांचा पोरगा घेऊन मुंबई ते गोवा जहाजानं निघालो होतो. ह्यांच्या ऑफिसमधलं कुणीतरी जाऊन आलेलं, ते म्हणलं, काही टेन्शन नाही, फक्त केबिन तेवढी बघून घ्या.

त्या 'फक्त'नं आमचे तीन आठवडे खाल्ले.

ह्यांचा कॉन्फिडन्स सुरुवातीला जबरदस्त होता. हा माणूस मुंबईला जाणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं रिझर्व्हेशन करण्यात म्हातारा झालेला. लोअर, मिडल, अप्पर, साइड लोअर सगळं तोंडपाठ. म्हणले, "त्यात काय बघायचंय, संडासाजवळची नको म्हणायचं, बास." एजंटदादांनी शांतपणे सांगितलं की सर, संडास केबिनच्या आतच असतो. तिथंच ह्यांचा अर्धा अभ्यास संपला.

केबिनचे प्रकार चार. इन्साइड म्हणजे खिडकीच नाही, आत दिवस का रात्र ते मोबाइल बघून ठरवायचं. ओशन व्ह्यू म्हणजे खिडकी आहे पण उघडत नाही. मग बाल्कनी. आणि मग स्वीट, ज्याचा रेट ऐकून आम्ही दोघांनी एकदम पाणी मागितलं.

मला बाल्कनी पाहिजे होती, खोटं कशाला बोलू. पोरं झोपल्यावर बाहेर खुर्ची टाकून समुद्राकडं बघत चहा प्यायचा एवढंच माझं स्वप्न. पण सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला. "जो पोरगा खुर्चीवर डबा ठेवून, डब्यावर चढून शेंगा चटणी काढतोय, त्याला तू समुद्रावर बाल्कनी देणार?" यावर मी काय बोलणार. एजंटदादा म्हणाले दाराला वरती कडी असते, रेलिंग पण उंच असतं. पण आमच्या पोराला खुर्ची दिसली की उंच काही राहत नाही हे त्यांना कुठं माहीत.

दोन इन्साइड घ्या, मधून दार असलेल्या, असंही त्यांनी सुचवलं. म्हणजे प्रत्येक खोलीत एक मोठं माणूस नावावर पाहिजे, नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या खोलीत, आणि मधल्या दारातनं पोरं रात्रभर येरझाऱ्या घालणार. हे तर आम्ही घरी फुकटात करतोय.

मग आला जहाजाचा नकाशा. डेक प्लॅन म्हणतात त्याला. ह्यांनी तो ए थ्री साइजला प्रिंट मारून आणला आणि टीव्हीच्या शेजारी चिकटवला, जसं काय दहावीचं टाइमटेबल. रोज संध्याकाळी ऑफिसवरून आले की त्याच्यापुढं उभं राहायचे, हातात लाल पेन. स्विमिंग पूलच्या बरोबर खालची केबिन कॅन्सल, कारण सकाळी सकाळी वर खुर्च्या ओढायचा आवाज. थिएटरच्या वरची कॅन्सल, खालून ढोल. पुढच्या टोकाची कॅन्सल, नांगर टाकताना साखळी खडखडते. काही खिडक्यांच्या पुढं लाइफबोट टांगलेली असते, म्हणजे समुद्राचे पैसे देऊन केशरी भिंत बघायची, त्या कॅन्सल. नकाशावर जिथं नुसतं पांढरं, नाव न लिहिलेलं, तिथं बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांचं सामान नाहीतर भांडी असतात, तिथली पण कॅन्सल. आठवड्याभरात जहाज पूर्ण लाल झालं. मला वाटलं आता आम्ही पोहतच जाणार गोव्याला.

हलण्याचं शास्त्र मात्र मला लगेच कळलं, कारण मी एसटीच्या मागच्या सीटवर बसून बार्शीला गेलेली बाई आहे. जहाज मधे कमी हलतं आणि टोकांना जास्त, पोरांच्या सी-सॉसारखं. आणि जेवढं वर जाल तेवढे हेलकावे मोठे. म्हणजे लोक जास्त पैसे भरून वरच्या मजल्यावर जाऊन जास्त हलतात. श्रीमंतांचं मला हे कधीच कळलेलं नाही.

ठरलं मग, खालचा डेक, मधोमध, खिडकीवाली. आता साइज. एजंटदादा म्हणाले साधारण दीडशे स्क्वेअर फूट, बाथरूम धरून. ह्यांना काही अंदाज येईना. म्हणून एका रविवारी संध्याकाळी (दुपारी सोलापुरात गच्चीवर फक्त पापड जातात) हे इंचटेप आणि पोराचा खडू घेऊन वर गेले आणि दहा बाय पंधराचा चौकोन आखला. एका कोपऱ्यात बाथरूम, त्यात मी उभी राहिले तर माझी वेणी टेपच्या बाहेर. मधे डबल बेड. भिंतीतनं दोन पलंग खाली येतात म्हणे, रेल्वेसारखे, शिडी लावून. लहान पोरांना वर झोपवू नका असं एजंटदादांनी बजावलेलं, पोरगा मात्र पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढून "मी वर, मी वर" करत होता. मग धाकटीचा पाळणा. तो आम्ही पाच ठिकाणी ठेवून बघितला. बाथरूमपुढं ठेवला तर रात्री कुणी जायचं नाही. दारापुढं ठेवला तर जहाज बुडालं तरी आम्ही आत. शेवटी बेडच्या पायथ्याशी बसला, पण मग बॅगा कुठं? बॅगा बेडखाली जातात म्हणे. हे बेडच्या जागी गच्चीवर आडवे पडून बघत होते, मी पायथ्याशी, पोरगी पाळण्याच्या चौकोनात बसून खडू खात होती, आणि शेजारच्या काकू वाळत टाकलेली उशी उचलायला वर आल्या. त्यांनी उशी तिथंच ठेवली आणि गुपचूप खाली गेल्या. सासूबाईंना विचारलं म्हणे, "घरात सगळं ठीक आहे ना?"

शेवटचा मास्टरस्ट्रोक ह्यांचा. गोव्याला जाताना जहाज दक्षिणेकडं तोंड करून चालतं, म्हणजे किनारा डाव्या हाताला. "डावी बाजू घेऊ, रात्री कोकणातले दिवे दिसतील." इतकं हुशार वाक्य ह्यांच्या तोंडून लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं, मी लगेच हो म्हणले.

डिसेंबरात निघालो. सिद्धेश्वरला आमचा नंबर कुठं लागला माहितीये? संडासाजवळ. ते जाऊ दे.

केबिन अगदी गच्चीवरच्यासारखी निघाली, फक्त वर आभाळ नव्हतं. ह्यांनी फ्रिजवरची सगळी मॅग्नेटं काढून आणलेली, कारण जहाजाच्या भिंती लोखंडी असतात, टोप्या-बिप्या अडकवता येतात असं कुठंतरी बघितलेलं. खरंच चिकटली. रात्री पोरगा खिडकीला नाक लावून बसला. दिवे एकदा दिसले, मग नुसता अंधार, मग पोरगा झोपला, मग आम्ही.

आणि सकाळी सातच्या सुमारास डाव्या बाजूनं सूर्य उगवला.

डावीकडं किनारा म्हणजे डावीकडं पूर्व, हे तीन आठवड्यांत, ए थ्री साइजच्या नकाशापुढं उभं राहून, आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. पडदा होता, पण कडेनं जी उन्हाची पट्टी आली ती थेट पाळण्यात. पोरगी उठली, रडली, तिच्या रडण्यानं पोरगा उठला आणि शिडीकडं पळाला. एसी लागतो म्हणून सासूबाईंनी जबरदस्तीनं बॅगेत कोंबलेली सोलापुरी चादर मी काढली, दुहेरी केली, आणि आम्ही ती पडद्यावरनं खिडकीला मारली. एका कोपऱ्यात तुळजापूरचं मॅग्नेट, एका कोपऱ्यात गाणगापूरचं, मधे वरती पंढरपूरचा विठोबा. ठार अंधार. पोरगी पुन्हा झोपली. ती चादर नंतर काढायची हिंमत कुणीच केली नाही. आम्ही ओशन व्ह्यूचे पैसे भरून इन्साइडमधे राहिलो.

गोवा जवळ आल्यावर मोबाइलला रेंज आली आणि पहिला व्हिडिओ कॉल सासूबाईंचा. "समुद्र दाखव की गं." मी कुजबुजत म्हणलं, थांबा, पोरगी झोपलीय, आणि मोबाइल खिडकीकडं फिरवला.

बराच वेळ तिकडून काही आवाज नाही. मग म्हणाल्या, "ती आपली चादर आहे ना? आणि पांडुरंगाला असं वाकडं कुणी लावलं?"