काट्याचं तोंड कुणीकडं?

बोक्याला दोन दिवस जुलाब, म्हणून सांगलीतल्या एका नव्याकोऱ्या प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो. पोट त्याचं बिघडलं होतं, डोकं माझं बिघडलं.

छताला झुंबर, पांढरे कोच, खाली तोंड दिसेल अशा टाईल्स. त्यांवर जतकडच्या एका आजोबांचा माडग्याळ मेंढा चारी पाय फाकवून थिजला होता. पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, ऐट लाखाची, पण पाऊल पुढं टाकायची सोय नाही. शेवटी आजोबांनी डोक्याचा टॉवेल सोडून त्याच्या पायाखाली अंथरला. लाखो रुपये घेतलेल्या इंटिरिअरवाल्याला हे सुचलं नव्हतं.

बोका वजनकाट्यावर थांबेना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "त्याला घेऊन तुम्ही उभे राहा, मग एकटे. वजा करू." हिशेब बिनचूक. पण काट्याचे लाल आकडे भिंतीवर, एसटी स्टँडच्या घड्याळाएवढे, आणि तोंड बसलेल्या लोकांकडं! आधी ८७.१. मग ८२.६. वर मुलीनं खणखणीत आवाजात वाचूनही दाखवलं.

"मी ८० धरलं हुतं," आजोबा म्हणाले.

"काय धरलं होतं?"

"पावणं, तुमचंच की. दारातनं आत आला तवाच. आमास्नी काटा लागत न्हाई, सुतळी बास. छातीचा घेर इंचात घ्यायचा, घेराला घेरानं गुणायचं, मग लांबीनं. ३०० नं भागलं की पौंड. म्हशीला बरोबर बसतंय."

"मी म्हैस नाही."

"छे छे," त्यांनी मला नीट न्याहाळलं. "लांबी कमी पडती."

आणि खिशातून खरंच सुतळी निघाली.

तोवर खाली ठेवलेल्या पिंजऱ्यात परतलेल्या बोक्याच्या जाळीला एका लॅब्रॅडॉरनं नाक लावलं होतं. मांजर उंचावर ठेवलं, वर फडकं टाकलं, की त्याची निम्मी भीती जाते. कमरेएवढी एक फळी, कुत्र्यांपासून जरा आडोशाला. झुंबराच्या खर्चात पन्नास फळ्या झाल्या असत्या. पण फळीचा फोटो चांगला येत नसावा. बोका जाळीच्या कोपऱ्यात मुटकुळं करून थरथरत होता, तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

आत डॉक्टरांनी फाईल उघडली. 'बोका, नर, ८२.६ किलो.' त्यांनी फाईल पाहिली, बोका पाहिला, मला पाहिलं.

"जुलाब नक्की कुणाला होतायत?"