घुबडाच्या पंखांचा आवाज : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

"घुबड उडताना पंखांचा आवाज आला असं लिहिणाऱ्याने घुबड पाहिलेलंच नाही, दुसरंच काहीतरी पाहिलंय," असं तुम्ही ओढ्याकाठच्या मत्स्य घुबडावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली लिहिलंत. शिवाय ठिकाण लपवल्याबद्दल रागावलात. दोन्हींचं उत्तर देतो.

गव्हाणी घुबडाबद्दल तुमचं म्हणणं खरंच आहे. डोक्यावरून गेलं तरी कळत नाही. त्याच्या पंखांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते असतात, मागच्या कडेला मऊ झालर असते आणि पिसांवर मखमलीसारखी लव. वाऱ्याचा आवाज तिथेच मरतो. गवतातल्या उंदराला चाहूल लागू नये आणि उंदराची खुसखुस स्वतःला नीट ऐकू यावी, म्हणून हा सगळा खटाटोप.

मत्स्य घुबडाचं गिऱ्हाईक मात्र पाण्याखाली. वर हवेत पंख वाजले म्हणून खाली माशाचं काय बिघडतं? आणि पाण्यातला मासा काही खुसखुसत नाही, की कान देऊन ऐकावा. म्हणून या घुबडाच्या पंखांना तो कंगवाही नाही आणि ती झालरही नाही. चेहऱ्याची ती गोल थाळी, जी आवाज गोळा करून कानाकडे नेते, तीही याची जेमतेमच. ते डोळ्यांवर शिकार करतं. ओढ्यावर वाकलेल्या जांभळाच्या फांदीवरून ते उठलं तेव्हा मला फडफड स्पष्ट ऐकू आली, आणि खरं सांगतो, क्षणभर मीही तुमच्यासारखाच चकित झालो होतो.

"शृंगी घुबड असेल," हा तुमचा तर्क रास्त आहे. दोघंही दांडगी, दोघांनाही शिंगांसारखे तुरे. पण पाय बघा. शृंगी घुबडाचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले. मत्स्य घुबडाचे उघडे. रोज पाण्यात बुडवायचे पाय पिसांचे असते तर चिखल नि माशाचा बुळबुळीतपणा धूत बसावं लागलं असतं. तळव्याला बारीक काटेरी खवले असतात, निसटता मासा धरायला. कैकर हा मासे पकडणारा शिकारी पक्षी घुबडांच्या कुळातला नाही, तरी त्याच्या तळव्यांनाही तसेच काटे असतात. धंदा एक, हत्यार एक.

आता माझी चूक. "फक्त मासे खातं" असं मी लिहून गेलो आणि तुम्ही ते बरोबर पकडलंत. खेकडे त्याला फार प्रिय. त्या जांभळाखालच्या खडकावर खेकड्यांच्या नांग्यांचा नि कवचांचा खच पडला होता, माशाचे काटे थोडेच. फोटोही काढले होते, तरी लिहिताना नावालाच भुललो. बेडूक, उंदीर, लहानमोठे पक्षी, कधी मेलेलं जनावरही ते सोडत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

राहिलं ठिकाण. ते सांगणार नाही, रागावलात तरी. हे घुबड एका वेळी एक किंवा दोनच अंडी घालतं आणि वर्षानुवर्षं त्याच ओढ्याला धरून राहतं. एकदा जागा कळली की रात्री कुणीही जाऊन उचलावं, इतकं सोपं. १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा असूनही दिवाळीच्या आगेमागे जादूटोण्यासाठी घुबडांची खरेदी-विक्री होते, हे तुम्हाला मी काय सांगावं?

पायांचा फोटो मात्र आजच पाठवतो. मागे ओळखू येण्यासारखा एक खडक आहे, तेवढा भाग कापून.