डोंबिवलीला उठवा

मुंबईच्या लोकलमध्ये परोपकार होतो तो कपाळाला आठ्या घालूनच होतो. फलाटावरून धावत येणाऱ्याला दारातले चारजण हात देऊन आत ओढून घेतात आणि तो सुखरूप आत आला की "जीव वर आलाय का? मागची गाडी रिकामी येतेय की!" असे म्हणून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. यातला क्रम मात्र कधी चुकत नाही. आधी हात, मग शिव्या. आभार मानण्याची पद्धत इथे रुजलेली नाही. आभार मानणारा माणूस नवखा समजला जातो आणि तो पाकीट नीट सांभाळील ना, याची काळजी आणखी दोघांना लागते.

चौथ्या सीटचेच पाहा. तिघांसाठी केलेल्या बाकावर चौथ्याला टेकू देण्याची ही वहिवाट रेल्वेने घातलेली नाही, प्रवाशांनी घातलेली आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली, तिच्या चौदा डब्यांत सुमारे ४०० पाहुणे होते, म्हणजे डब्यामागे तीसही नाहीत. तेव्हा हा शोध त्या दिवशी लागणे शक्यच नव्हते. आता मात्र उभ्या माणसाने नुसते "जरा सरकून घ्या" म्हटले की तिघेही काहीएक न बोलता, वर्तमानपत्रातून किंवा मोबाइलमधून नजरही न काढता, दोन-दोन बोटे सरकतात. त्यातून जी वीतभर जागा निघते तिच्यावर माणसाचा अर्धाच भाग मावतो आणि उरलेला अर्धा वाटेवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या स्वाधीन राहतो. तरीही घाटकोपरपासून ठाण्यापर्यंत अशा अर्ध्या आसनावर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते मी लग्नाच्या पहिल्या पंगतीत बसलेल्या व्याह्याच्या चेहऱ्यावरही पाहिलेले नाही.

या सगळ्या उपकारांत मला सर्वांत जड जाणारा उपकार म्हणजे झोपलेल्या माणसाला त्याच्या स्टेशनावर उठवणे. मी बदलापूरला राहतो. संध्याकाळच्या फास्ट गाडीत सीएसएमटीलाच बसायला मिळाले, तर भायखळा मागे पडता पडता डोळे मिटावेत आणि कल्याणला गाडी अर्धी रिकामी झाल्यावर होणाऱ्या गलक्याने जागे व्हावे, असा माझा शिरस्ता आहे. परवा मी डोळे मिटण्याच्या बेतात असतानाच शेजारच्या तरुणाने बॅग वरच्या रॅकवर टाकली, माझ्याकडे एकदा पाहिले आणि "काका, डोंबिवलीला उठवा हं," असे सांगून पुढच्याच क्षणी तो झोपला. मी हो म्हणालो की नाही, हे ऐकण्यापुरतादेखील तो जागा राहिला नाही. गाडीत पुढच्या स्टेशनाची घोषणा तीन-तीन भाषांत होत असते, दारावरच्या पाटीवर नावही सरकत असते. पण झोपणाऱ्या माणसाचा विश्वास यंत्रावर नसतो, तो शेजाऱ्यावर असतो. आणि विश्वास टाकलेल्या शेजाऱ्याला झोप येत नाही.

दादरला रोजच्याप्रमाणे लोंढा आत आला. त्यात आमच्या डब्यातले एक नेहमीचे अंबरनाथचे गृहस्थ मेथीची जुडी घेऊन आले. ती कापडी पिशवीतून अर्धी बाहेर डोकावत होती आणि तिला मार लागू नये म्हणून त्यांनी ती रॅकवर, त्या तरुणाच्या बॅगेला टेकवून ठेवली. तरुणाचे डोके एव्हाना माझ्या खांद्यावर आले होते. मला खोकला येत होता; तो मी घाटकोपरपर्यंत आवरून धरला. पुस्तक काढावे, तर ज्या हाताने ते काढायचे तो हात त्याच्या डोक्याखाली होता.

ठाण्याच्या अलीकडे प्रश्न उपस्थित झाला की याला उठवायचे नेमके कधी. ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही, त्यांना वाटेल की डोंबिवलीला उतरणाऱ्याला डोंबिवलीला उठवावे. त्या गर्दीत डोंबिवली आल्यावर जागा झालेला माणूस कल्याणलाच उतरतो. ठाणे सुटले की उतरणारे दाराकडे सरकू लागतात, "डोंबिवली का?" अशी एकमेकांत चौकशी होते आणि त्या रांगेत ज्याचा नंबर लागला नाही त्याचा उतरण्याचा हक्क बुडाल्यात जमा असतो. म्हणून समोरच्या बाकावरच्या एकाने "आत्ताच उठवा" असे मत दिले. त्याच्या शेजारचा म्हणाला, "झोपू द्या हो बिचाऱ्याला, दिवसभर राबून आलाय." बिचारा कुठे राबून आला होता, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. खिडकीतल्या माणसाने, हा गेल्या आठवड्यातही झोपून कल्याणला गेला होता आणि तिथून उलटी गाडी पकडून परत आला होता, अशी माहिती दिली. हे ऐकताच सगळ्यांचा त्याच्याविषयीचा कळवळा एकदम वाढला आणि मला सूचना करणाऱ्यांची संख्याही वाढली. अखेर दिवा स्टेशन दिसले की उठवायचे, असे बहुमताने ठरले. ठरवले सर्वांनी, उठवायचे मात्र मी.

आता, अनोळखी माणसाला उठवायचे तरी कसे? नाव माहीत नाही. "अहो" म्हणावे तर वयाने लहान, "अरे" म्हणावे तर ओळख नाही. मी प्रथम घसा खाकरून पाहिला. मग खांदा थोडा उचलून पाहिला, तर त्याने डोके उशी सारखी करावी तसे माझ्या खांद्यावर नीट बसवून घेतले. "हलवा की जोरात," असा समोरून हुकूम सुटला. दिव्याचे दिवे मागे पळू लागले तेव्हा मी धीर करून त्याचा दंड धरून हलवला. त्याने एक डोळा अर्धा उघडला आणि विचारले, "कोपर गेलं?"

"नाही, आत्ता दिवा गेलं."

"मग काय, काका," असे म्हणून त्याने तो डोळा पुन्हा मिटला.

सबंध बाकासमोर माझी शोभा झाली. बहुमताने निर्णय देणारे सारेजण आता खिडकीबाहेर पाहू लागले होते. पुढे कोपर स्टेशन खिडकीतून सरकले आणि तो कोणीही हात न लावता ताडकन उभा राहिला, "चला, चला, उतरायचंय" असे म्हणत माणसांतून वाट काढीत दाराशी पोचला. उतरणाऱ्यांत त्याचा नंबर तिसरा होता. माझ्याकडे त्याने वळूनही पाहिले नाही, ते रिवाजाला धरूनच झाले.

गाडी थांबली, तो उतरला आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडले, "अरे, बॅग!" त्यानंतर जे झाले ते पाहण्यासारखे होते. उभ्या असलेल्या एकाने बॅग रॅकवरून ओढली, दुसऱ्याने ती डोक्यावरून पुढे दिली, आणि पंधरा-वीस हातांवरून ती दारापर्यंत गेली, दारातल्या शेवटच्या माणसाने ती फलाटावर त्याच्या छातीवर आदळली आणि वर "झोपा काढतो नुसता!" हेही ऐकवले. एकाही हाताने बॅग कोणाची, आत काय, असे विचारले नाही. गाडी सुटली. सगळ्यांचे चेहरे उजळले होते. तेवढ्यात अंबरनाथच्या गृहस्थांनी रॅककडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "माझी मेथी कुठाय?"

बॅगेबरोबर मेथीही गेली होती. ती कोणी दिली, हे कोणी कबूल करीना. अंबरनाथपर्यंत आम्ही त्यांचे सांत्वन केले, म्हणजे मेथी सध्या किती महाग झाली आहे याची चर्चा केली.

दुसऱ्या दिवशी तो तरुण सीएसएमटीलाच बसलेला दिसला. मांडीवर ती कापडी पिशवी होती. दादरला गृहस्थ चढताच खिडकीतल्या माणसाने दोघांची गाठ घालून दिली. "बायकोने निवडून ठेवली," तरुण म्हणाला, "नाहीतर सुकली असती." बायकांच्या डब्यात शेजारची अनोळखी बाई अर्धी जुडी मागून घेऊन निवडू लागते, असे आमची सौ. सांगत असते, पुरुषांच्या डब्यात मेथी घरपोच नेऊन, निवडून परत आल्याचे माझ्या माहितीतले तरी हे पहिलेच उदाहरण. गृहस्थांनी पिशवीत हात घातला, मूठभर पाला बाहेर काढून उजेडात धरला आणि म्हणाले, "निवडलीय खरी, पण देठ बरेच ठेवलेत."

यावर तरुणाचे काय म्हणणे आहे, म्हणून आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले. तो झोपला होता. कुठे उठवायचे, हे सांगण्याचीही तसदी या वेळी त्याने घेतली नव्हती.