मींड, नंबर आणि अर्धं मिनिट: मिरजेच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, खाली फक्त 'मिरजेचा एक जुना श्रोता' एवढंच आहे. पण पंचाहत्तरी उलटल्याचा उल्लेख आहे, तेव्हा काकाच म्हणते.

टेक्सासच्या ऑल-स्टेट कॉयरच्या, म्हणजे राज्यभरातल्या शाळकरी मुलांमधून निवडलेल्या समूहगानाच्या चमूच्या, ऑडिशनसाठी लेकीची तयारी कशी करून घेतली, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच सुनावलंय. वाचून राग आला, म्हणून आठवडाभर उत्तर दिलं नाही. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. काकांचं म्हणणं असं, की मी गाण्याचा कोचिंग क्लास करून टाकला. छातीवर नंबर चिकटवून, पडद्याआडच्या परीक्षकांना कागदावरचं म्हणून दाखवायचं, याला गाणं म्हणत नाहीत. शास्त्रीय शिकणाऱ्या मुलीला 'मींड विसर' (मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) असं सांगणारी आई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. आणि एवढा आटापिटा करून पोरगी निवडली गेली नाहीच. (हा शेवटचा टोला बरोबर वर्मी बसला.)

मींडेपासून सुरू करते, कारण तिथे माझं चुकलं. ते वाक्य मी घाईत लिहिलं. घडलं होतं ते असं. ऑगस्टमधल्या एका रात्री मी तिचं रेकॉर्डिंग फोनवर वेग कमी करून ऐकत बसले होते. अल्टोची, म्हणजे मुलींमधल्या खालच्या आवाजाची, साधी ओळ. एक लांब सूर, मग त्याच्या वरचा, मग पुन्हा खाली. कागदावर तीन पोकळ गोल, बस. तिच्या गळ्यातून मात्र पहिला सूर खालून उचलून आला, दुसऱ्याकडे जाताना मधली सगळी वाट ऐकू आली, आणि उतरताना शेजारच्या सुराचा एक बारीकसा कण लागला. भूपात हे केलं असतं तर मी पोळ्या लाटता लाटता 'वा' म्हटलं असतं. तिचे कॉयरचे सर याला 'स्कूप' म्हणतात आणि कपाळाला आठ्या घालतात. त्यांचंही खोटं नाही. शेजारी पंधरा मुली तोच सूर लावतायत, प्रत्येकीनं आपापल्या वाटेनं यायचं ठरवलं तर सुराची जत्रा होते.

मग दोन महिने आम्ही एवढंच केलं. तंबोरा लावायचा, श्वास घ्यायचा आणि सूर जिथे आहे तिथेच थेट ठेवायचा. आला की हलवायचा नाही, सोडताना खाली सांडायचा नाही. मींड ती विसरली नाही. आधी मींड तिच्याकडून आपसूक होत होती, आता ती मींड घेते. रविवारी सकाळी पुण्याहून ऑनलाइन शिकवणाऱ्या तिच्या बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. ऑक्टोबरात त्या म्हणाल्या, "हिचा षड्ज हल्ली सरळ लागायला लागलाय, काय केलंस?" तेव्हा काका, ते वाक्य मी लेखातून काढलं आहे.

आता कागदाबद्दल. इथे मात्र तुमच्याशी भांडणार.

तुम्हाला वाटतं, आपल्याकडच्या मुलांना अडचण येते ती गळ्याची. मलाही तसंच वाटायचं. उलट गळ्याच्या बाबतीत काही गोष्टी आयत्या मिळाल्या. लॅटिन गाण्यात 'एत इन तेर्रा पाक्स' येतं. तिथला 'त' आपल्या 'ताटा'तला हवा असतो. इथली मुलं सवयीनं इंग्रजी 'ट' काढतात, वर त्यात हवा भरतात, आणि सर घसा कोरडा करतात. घरी मराठी बोलणाऱ्या मुलीला हे शिकवावंच लागलं नाही. तसंच 'ए' आणि 'ओ'चं. आपला 'ओ' शेवटपर्यंत 'ओ' राहतो, इंग्रजी 'ओ' जाता जाता 'ऊ'कडे घसरतो. आमची बाईसाहेब शाळेत 'ग्लोउरिया' म्हणत होती. मी म्हटलं, 'गोरी गोरी' म्हण. म्हणाली. त्यातलाच 'ओ' लाव म्हटलं. दोन मिनिटांचं काम. फक्त आपला 'आ' त्यांना फार उघडा वाटतो, तो थोडा उभा करून 'ऑ'कडे न्यावा लागला.

खरी अडचण आली ती डोळ्यांना. आपण सगळं कानानं शिकतो. बाई गातात, आपण मागून म्हणतो. पंडित भातखंड्यांनी चिजा (बंदिशी) स्वरलिपीत उतरवून ठेवल्या म्हणून त्या राहिल्या, पण त्यांची क्रमिक पुस्तकं उघडून कधीही न ऐकलेली चीज एका झटक्यात, तालात म्हणून दाखव असं आपल्याला कुणी सांगत नाही. इथे तेच सांगतात. वरच्या फेऱ्यांमध्ये ठरवून दिलेली गाणी म्हटली की एक अनोळखी ओळ समोर येते. घराचा सूर (ओळ ज्यावर विसावते तो) कानावर घालतात, अर्धं मिनिट देतात, आणि म्हणा. पियानो नाही, सोबत नाही. याला साइट-रीडिंग म्हणतात. गाणी तर सगळ्यांनीच उन्हाळाभर घोटलेली असतात. मुलं गळतात ती या अर्ध्या मिनिटात.

आणि इथेच आपल्या तालमीतलं काहीतरी कामाला आलं. ही मुलं दो-रे-मी म्हणतात, पण दो आपल्या 'सा'सारखाच सरकता. पट्टी कुठलीही असो, घर म्हणजे दो. सोबत हातखुणा असतात. दोला मूठ, लाला मनगटातून लोंबलेला हात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन नावाच्या पाद्रीबाबांनी त्या रूढ केल्या. तर सरकता सा म्हटल्यावर लेक खूश. मेजरमधल्या ओळी म्हणजे आपला बिलावल थाट, सगळे शुद्ध स्वर, त्या ती धडाधड वाचायची. मायनर, म्हणजे त्यांची दुसरी मुख्य स्वरमाला, आली की ढेपाळायची. कारण तिथे घर बदलतं. नावं तीच राहतात, पण विश्रांती दोवर न होता लावर होते. तिचं डोकं घराला 'सा' म्हणायचं, सा म्हणजे दो, आणि मग पुढचे सगळे स्वर एकमेकांच्या अंगावर. दोन आठवडे रडारड चालली. एका संध्याकाळी कणीक मळताना मला मूर्च्छना आठवली, स्वर तेच ठेवून त्यातल्या दुसऱ्याच स्वराला सा मानायचं, ती. म्हटलं, बिलावलच्या धैवताला सा मान आणि चढ. चढली. काय झालं? "आसावरी थाट." मग तोच धैवत म्हणजे तुझा ला. ती काही बोलली नाही, नुसती वही घेऊन खोलीत गेली. मूर्च्छना मी विशारदच्या पेपरात पाठ करून लिहिली होती. तिचा असा रोकडा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

'कोरस म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच ओरडायचं' असंही तुम्ही लिहिलंय. काका, तसं असतं तर फार सोपं होतं. आपल्याकडे पट्टी एकदा ठरली की गाणं संपेपर्यंत सा हलत नाही. सगळं गाणं त्या एका खुंटीला टांगलेलं असतं. कॉयरमध्ये तुम्ही एकच सूर धरून उभे असता आणि भोवतीचे तीन आवाज सरकतात. आत्ता तुमचा सूर त्यांचा गंधार होता, क्षणात तोच पंचम होतो. गायचं काही बदललं नाही, तरी पायाखालची जमीन हलली. शेजारची सोप्रानो (उंच आवाजाची मुलगी) कानात दुसरंच काही म्हणत असताना आपली ओळ सोडायची नाही, हे कसब आपल्या तालमीत कधी लागतच नाही. आणि तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो ना, तो पियानोच्या गंधारापेक्षा उतरा असतो, अर्ध्या सुराच्या साधारण सातव्या हिश्शानं. साथीशिवाय गाणारी चांगली कॉयर शेवटी त्याच गंधारावर येऊन स्थिरावते. मी पहिल्यांदा हॉलमध्ये ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या माणसाला याहून जास्त काय सांगू?

नंबराचं म्हणाल तर तो मला त्या दिवशी सगळ्यात आवडला. पालकांमधून मदतनीस हवे होते म्हणून मी दिवसभर एका हायस्कूलच्या कॉरिडॉरमध्ये उभी होते. वर्गांच्या दारांच्या काचांवर खाकी कागद. आत परीक्षक पडद्याआड. मुलांनी आत तोंडून गाण्याशिवाय अवाक्षर काढायचं नाही, काही विचारायचं तर मदतनिसाच्या कानात. त्यामुळे मुलगी कुठल्या शाळेची, कुठल्या रंगाची, कुणाची शिष्या, काही कळत नाही. 'आपल्या मुलांना तिथे घेतात का' असं तुम्ही विचारलंत. सूर लागला तर घेतात, कारण 'आपली' हे त्यांना दिसतच नाही. आणि परीक्षेचा एवढा तिटकारा आपल्याला शोभत नाही हो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या परंपरेतल्या प्रवेशिका-मध्यमा परीक्षा देतच आपल्या पिढ्या वाढल्या. हातावर तालाची दुगुन (दुप्पट लय) दाखवताना माझे पाय लटपटत होते आणि मार्क कळल्यावर आईनं पेढे वाटले होते.

अभ्यासाची काळजी करू नका. टेक्सासात एखाद्या विषयात ७०च्या खाली गेलं की अशा कार्यक्रमांतून नाव बाद होतं, १९८४ पासूनचा कायदाच आहे.

या सगळ्याला पैसा लागतो, हा मुद्दा मात्र तुमचा खरा आहे, आणि लेखात मी तो सफाईनं टाळला होता. टेक्सासमध्ये बँड, ऑर्केस्ट्रा, कॉयर मिळून दरवर्षी ७० हजारांच्या वर मुलं या चाळणीत उतरतात. डिस्ट्रिक्ट, रीजन, प्री-एरिया, एरिया अशा एकामागून एक फेऱ्या पार करत फेब्रुवारीत सॅन अँटोनियोला पोचतात ती १,८००च्या आसपास. उन्हाळ्यात याच गाण्यांची शिबिरं असतात, ती फुकट नसतात. खाजगी गुरू लावलेल्या मुली कोणत्या, हे पडद्यामागूनही चार सुरांत कळत असणार. आम्ही शिबिराचे पैसे भरले. तिच्या मैत्रिणीच्या घरी ते जमण्यासारखं नव्हतं. ती सकाळी सात वाजता शाळेत जाऊन सरांबरोबर ओळी वाचायची, रोज. आणि साइट-रीडिंगमध्ये ती माझ्या लेकीच्या पुढे गेली. ती एरियाला गेली, आमची रीजनच्या पुढे गेली नाही. यावरून पैसा लागत नाही असं मी म्हणणार नाही. रोज सकाळी सातला येणारा सर सगळ्या शाळांना मिळत नाही.

आता तो टोला. हो, निवड झाली नाही. साइट-रीडिंगच्या पाचव्या बारला (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचा कप्पा) तिचा फा चुकला, ती थांबली, तोंडातून 'सॉरी' निघालं आणि तिनं पहिल्यापासून सुरू केलं. तिथेच संपलं. थांबायचं नसतं, हे तिला शंभरदा सांगितलेलं होतं. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तीच म्हणाली, "आई, तानेत चुकलं तर आपण थांबतो का?" नाही. कुठेही भरकटलं तरी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठायची. "मग मी का थांबले?" याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. पण त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला. अनोळखी ओळ वाचताना शेवटचा सूर आधी बघून ठेवायचा, तीच सम. मधे काय वाटेल ते होवो. परवा ती तिसऱ्या बारलाच हरवली, दोन ठोके नुसती बोटं मोजत राहिली, आणि शेवटच्या दोवर माझ्या टाळीच्या आत पोचली.

राहता राहिली ह्यूस्टनची तुमची नात. रागारागातसुद्धा तुम्ही विचारलंत की ती पुढच्या वर्षी नववीत जाईल, तिला या भानगडीत घालावं का. आवडत असेल तर घाला. महागडं काही घेऊ नका. घरात कुणीतरी 'सा रे ग म प' म्हणायला लागायचं आणि ते गंधारावर आले की तिनं मागून 'सा'पासून सुरू करायचं, न डगमगता, इथून सुरुवात होते. तुम्हाला तिच्याबरोबर गायचं असेल तर व्हिडिओ कॉलवर नको, आवाज मागेपुढे पोचतो आणि दोघांचाही ताल जातो. त्यापेक्षा तंबोरा जुळवून, त्यावर तुमचा सा पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि व्हॉट्सॲपवर पाठवा. तो लावून तिला वेगवेगळे स्वर धरून उभं राहू दे. फक्त पेटीच्या काळी चार पट्टीला जुळवा. तुमच्या काळी एकला ती पोरगी खालच्या पंचमातच अडकून बसेल.