सैंधव मिठानेही बीपी वाढते

‘बीपी असेल तर पांढरे मीठ सोडा, सैंधव हवे तेवढे खा’ हा व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला चुकीचा आहे. सैंधवही जवळपास सगळे सोडियम क्लोराइडच असते. त्यातली इतर खनिजे नगण्य. रक्तदाब वाढतो तो सोडियममुळे. शिवाय साध्या सैंधवात आयोडीन घातलेले नसते.

मीठ कोणतेही असो, दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत हवे, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. लोणचे, पापड, फरसाण आणि उपवासाची खिचडीसुद्धा यातच धरायची. पानात वरून मीठ घेणे आधी बंद करा.

‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आणि सैंधव सुरू केले म्हणून बीपीची गोळी कृपया थांबवू नका.