रॉबर्ट वाइझवरचा फितुरीचा आळ

पुण्यात चित्रपट-संकलन शिकणाऱ्या माझ्या भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक संदेश मला पाठवला आणि खाली लिहिले, 'मामा, असल्या माणसाचे चित्रपट तू आम्हाला दाखवायचास?' संदेशाचा आशय असा: संकलक रॉबर्ट वाइझ वशिल्याने हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओत शिरला, 'सिटिझन केन'च्या संकलनाचे ऑस्कर मिळवले, 'केन'चा दिग्दर्शक ऑर्सन वेल्स ब्राझीलला गेल्यावर त्याच्या पुढच्या चित्रपटाची, 'द मॅग्निफिसंट अँबरसन्स'ची, मोडतोड केली आणि बक्षीस म्हणून दिग्दर्शक झाला, स्वतःची शैली मात्र त्याला कधीच नव्हती.

वशिल्याचे अर्धे खरे आहे. थोरला भाऊ आरकेओत असल्यामुळेच 1933 साली त्याला तिथे प्रवेश मिळाला, पण काम मिळाले ते रिळांची ने-आण करण्याचे. 'केन'साठी ऑस्कर मिळालेच नाही. नामांकन तेवढे होते.

फितुरीचा आरोप मात्र चीड आणणारा आहे. अंतिम संकलनाचा हक्क वेल्सने करारातच गमावला होता आणि मार्च 1942 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना येथे प्रेक्षकांसमोर पहिला चाचणी खेळ होण्याआधीच मधला मोठा भाग काढण्याची सूचना त्याने स्वतः कळवली होती. त्या रात्री आधी एक हलकाफुलका संगीतपट पाहिलेले प्रेक्षक गंभीर प्रसंगांना हसले. स्टुडिओप्रमुख जॉर्ज शेफर यांनी त्यानंतर वेल्सला लिहिलेले पत्र या संदेशकर्त्याने वाचायला हवे होते: पोमोनाला सोसावे लागले तसे या धंद्यात आपण कधीच सोसले नव्हते, असे ते लिहितात. 131 मिनिटांचा चित्रपट 88 मिनिटांवर आला तो या धास्तीपायी, पगारी संकलकाच्या कारस्थानाने नव्हे. कापलेला भागही नष्ट केला तो स्टुडिओने. बदली प्रसंगांपैकी काही वाइझनेच चित्रित केले, हे नाकारता येत नाही. पण सर्वाधिक नावे ठेवली जातात तो इस्पितळातला शेवट सहायक दिग्दर्शक फ्रेड फ्लेकने चित्रित केलेला आहे.

आणि बक्षीस म्हणावे तर तेही दोन वर्षांनी, 'द कर्स ऑफ द कॅट पीपल' या कमी खर्चाच्या चित्रपटाच्या रूपाने, तेसुद्धा आधीचा दिग्दर्शक वेळापत्रकात मागे पडला म्हणून!

राहता राहिली शैली. 1949 च्या 'द सेट-अप'मध्ये एका उतरणीला लागलेल्या मुष्टियोद्ध्याची संध्याकाळ जेवढी, तेवढाच, म्हणजे सुमारे 72 मिनिटांचा, चित्रपट आहे. सुरुवातीला आणि शेवटी रस्त्यावरचे घड्याळ दिसते. भाच्याला कळवले आहे की, आपले घड्याळ समोर ठेवून तो बघ आणि मग मला फोन कर.